डिझाइनच्या पहिल्या वर्षात हाताचं रेखाटन: साहित्य, क्रम आणि नेहमी अडणाऱ्या जागा

डिझाइनला प्रवेश मिळाला की पहिल्याच महिन्यात एक प्रश्न पडतो. लॅपटॉपवर तीन-चार सॉफ्टवेअर आहेत, टॅबलेटला स्टायलस आहे, मग ए३ कागदांचे गठ्ठे कशासाठी भरायचे?

चित्र सुंदर यावं म्हणून नव्हे. जेवणाच्या डब्याचं झाकण हाताने काढायला घ्या. झाकणाची कड डब्याच्या आत बसते की बाहेरून, हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. कडी कुठे फिरते आणि खटका कशावर अडकतो, हेही रेष ओढण्याआधीच विचारावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये सिलिंडरवर सिलिंडर ठेवला, स्टीलचं मटेरियल चढवलं की पाच मिनिटांत चकचकीत डबा तयार होतो आणि यातला एकही निर्णय झालेला नाही हे लक्षातच येत नाही. कागदावरचं कच्चं रेखाटन मात्र कच्चंच दिसतं. त्यामुळे ते बदलायला, फाडायला, त्यावर दुसरी रेष मारायला कुणालाच जड जात नाही. शिक्षक आणि ग्राहकही मोकळेपणाने बोलतात. चकचकीत रेंडर (सॉफ्टवेअरने बनवलेलं खऱ्यासारखं चित्र) समोर ठेवलं की लोक फक्त रंगाबद्दल बोलतात.

म्हणून डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी रेखाटन हे आधी विचार करायचं आणि मग दाखवायचं साधन आहे. पुढचा क्रम प्रामुख्याने प्रॉडक्ट डिझाइन डोळ्यासमोर ठेवून लावला आहे. इंटिरियर आणि आर्किटेक्चरवाल्यांना त्यातलं बहुतेक सगळं चालेल. दृश्यसंवाद (ग्राफिक डिझाइन) घेतलेल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर

शाळेत या परीक्षा दिल्या असतील तर हाताशी बरंच काही आहे. वस्तुचित्रामुळे प्रमाण बघायची सवय लागलेली असते. कर्तव्यभूमिती आणि घनभूमिती त्या वेळी कंटाळवाणी वाटली असली, तरी इथे सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते. सोडायच्या सवयी तीन: दर दोन रेषांनंतर खोडरबर उचलणं, एकाच चित्रावर दोन-तीन तास घालवणं आणि बोटाने घासून छटा गुळगुळीत करणं. परीक्षेत एक पूर्ण चित्र लागतं. डिझाइनमध्ये त्याच वेळात वीस अपूर्ण चित्रं लागतात.

परीक्षा दिली नसेल तरी काही बिघडत नाही. खालच्या पायऱ्यांमध्ये 'हात चांगला' असण्याची अट कुठेच नाही.

१. साहित्य: थोडं घ्या, पण नेमकं घ्या

- ए३ आकाराचा साधा झेरॉक्सचा कागद, ७५ ते ८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), ५०० कागदांचं एक रीम. सरावाचा मुख्य कागद हाच.
- १३० ते १५० जीएसएम कार्ट्रिज कागद, दहा-पंधरा ताव. पेन्सिल आणि छटांसाठी.
- बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर. जुन्या रेखाटनावर ठेवून सुधारित रेखाटन काढण्यासाठी.
- ए५ आकाराचं, टणक पुठ्ठ्याचं स्केचबुक. बाहेर वापरायला.
- साधे निळे किंवा काळे बॉलपेन, पाच-सहा.
- फाइनलायनर, म्हणजे ठरावीक जाडीची रेष देणारे बारीक टोकाचे पेन, तीन: ०.१, ०.४ किंवा ०.५, आणि ०.८.
- पेन्सिली एचबी, २बी आणि ६बी. बारा पेन्सिलींचा डबा लागत नाही.
- करड्या रंगाचे तीन अल्कोहोल मार्कर: फिका, मध्यम, गडद.
- ३०० मिमी स्टीलची पट्टी, दोन गुण्ये, कंपास, कटर, मास्किंग टेप.
- दोन मीटरची मोजपट्टी. शक्य झाल्यास जाडी आणि व्यास मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. वर्कशॉपमध्ये असतोच.

बॉलपेन सगळ्यात आधी हातात घ्या. पेन कलता धरून दाब कमी केला की त्यातून फिकी, जवळपास पेन्सिलीसारखी रेष येते. दाब वाढवला की तीच रेष गडद होते. शिवाय ती खोडता येत नाही, आणि सुरुवातीला नेमकं हेच हवं असतं. टोकाशी शाईचा गोळा जमतो, म्हणून शेजारी चिठोरा ठेवून अधूनमधून टोक पुसत राहा.

इथले सापळे. महागड्या स्केचबुकात सराव सुरू केला तर पान वाया जाईल या भीतीने हात आखडतो, म्हणून सराव सुट्या कागदावरच करा. खरखरीत कार्ट्रिजवर फाइनलायनरचं टोक लवकर चेपतं, तेव्हा तो गुळगुळीत कागदावर वापरा. अल्कोहोल मार्कर साध्या कागदातून खाली उतरतो, खाली दोन रद्दीचे कागद हवेतच. आणि सगळ्यांना एकदा तरी नडणारी गोष्ट: बॉलपेनच्या रेषांवर अल्कोहोल मार्कर फिरवला की शाई विरघळून पसरते. आधी मार्करची छटा द्या आणि वाळल्यावर पेन चालवा. नाहीतर मूळ रेखाटनाची झेरॉक्स काढून तिच्या एका कोपऱ्यात मार्कर तपासून घ्या.

२. रेष: बोटांनी नाही, खांद्यातून

वही लिहिताना मनगट टेकलेलं असतं आणि बोटं हलतात. त्याच पकडीत आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा लांब रेष ओढली की ती कमानीसारखी वाकते, कारण हात मनगटाभोवती फिरतो. लांब रेषेसाठी कोपर आणि खांदा हलला पाहिजे. करंगळीची कड कागदावर अलगद सरकू द्या.

ए३ कागद आडवा ठेवा. सुमारे २०० मिमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन कागदाला न लावता एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर तीन-चार वेळा हात फिरवा आणि मग त्याच वेगाने रेष मारा. नजर पेनच्या टोकावर ठेवू नका, पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवा. एका कागदावर अशा तीस-चाळीस रेषा बसतात. रेष चुकली तर ती तशीच राहू द्या, शेजारून योग्य रेष ओढा आणि तीच जाड करा. तुटक, केसाळ रेषांनी चुकीची रेष झाकायचा प्रयत्न केला की नेमकी कड कुठे आहे हे तुम्हालाच समजेनासं होतं.

प्रत्येकाच्या हाताला एक दिशा सोपी जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला बहुधा डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी. बाकीच्या दिशांसाठी हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवा.

रोज दहा मिनिटं पुरेत. तीन आठवड्यांत फरक दिसतो. त्यानंतर हा सराव काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या कागदापुरताच ठेवा.

३. खोके: पर्स्पेक्टिव्ह नेमकं कुठे बिघडतं

जवळजवळ कुठलीही वस्तू आधी खोक्यात बसवता येते. म्हणून खोकं जमलं की निम्मं काम होतं.

पर्स्पेक्टिव्ह म्हणजे लांबची गोष्ट लहान दिसते तशीच कागदावर दाखवणं. त्यातली क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. जमिनीला समांतर असलेल्या एका दिशेच्या सगळ्या कडा लांबवल्या तर त्या क्षितिजरेषेवरच्या एका लोपबिंदूत मिळतात. खोक्याच्या दोन आडव्या दिशांचे दोन बिंदू, आणि उभ्या कडा उभ्याच. एवढं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात खोकं विचित्र दिसतं ते बहुतेक वेळा दोन्ही लोपबिंदू फार जवळ घेतल्यामुळे.

त्यासाठी एक भूमितीची कसोटी आहे. दोन लोपबिंदूंना जोडणारी रेषा व्यास धरून वर्तुळ काढा. खोक्याचा तुमच्या सर्वांत जवळचा खालचा कोपरा या वर्तुळाच्या आत असेल तर तिथला कोन ९० अंशांपेक्षा मोठा येतो आणि खोकं चौकोनी वाटतं. कोपरा वर्तुळाबाहेर गेला की कोन ९० पेक्षा लहान होतो आणि खोकं तुमच्या अंगावर टोकदार होऊन आल्यासारखं दिसतं. आडव्या ए३ वर लोपबिंदू दोन्ही कडांवर ठेवले तर अंतर ४२० मिमी, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या २१० मिमी. क्षितिजरेषा वरून ५० मिमीवर घेतली असेल तर कागदाची खालची कड तिच्यापासून २४७ मिमी लांब आहे, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर. त्यामुळे ४० ते ५० मिमी बाजूची लहान खोकी कागदाच्या मध्यभागी काढा. मोठं खोकं हवं असेल तर लोपबिंदू कागदाबाहेर न्या आणि टेबलावर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर खूण करा.

दोन युक्त्या लगेच शिकून घ्या. पर्स्पेक्टिव्हमधल्या कुठल्याही आयताचे कर्ण काढा, ते छेदतात तो खरा मध्य. पट्टीने मोजून मध्य काढला तर तो चुकीचाच येतो. आणि एका आयतामागे तेवढाच दुसरा आयत हवा असेल, तर पहिल्याच्या जवळच्या कोपऱ्यातून समोरच्या उभ्या कडेच्या मध्यातून जाणारी रेषा लांबवा. ती वरच्या किंवा खालच्या कडेला जिथे भेटते तिथे दुसरा आयत संपतो. खिडक्यांची रांग, कीबोर्डची बटणं, एसटीच्या खिडक्या, सगळं याच रीतीने.

सुरुवातीच्या पन्नास खोक्यांच्या कडा मागे लांबवून तपासा. मागे जाताना रेषा एकमेकींपासून फाकत असतील तर ते खोकं पुन्हा काढा.

४. लंबवर्तुळ: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पेला, डबा, बाटली, चाक, बटण, पातेलं, दिवा. घरातल्या निम्म्या वस्तू गोल आहेत, आणि नवख्या हाताची चूक लंबवर्तुळात लगेच उघडी पडते. चार चुका वारंवार दिसतात.

पहिली, टोकं अणकुचीदार. लंबवर्तुळाच्या दोन्ही बाजू वळून येतात, टोक कुठेच नसतं. दोन कमानी जोडून काढलं की टोक येतं. म्हणून पेन न उचलता सलग दोन फेऱ्या मारून काढा.

दुसरी, तळ सपाट. पेला टेबलावर सपाट ठेवलाय म्हणून तळाची रेष सरळ ओढली जाते. वस्तू डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणजे तळाचं लंबवर्तुळ काठापेक्षा जास्त गोल. डोळ्यांच्या पातळीवरचं वर्तुळ सरळ रेषच दिसतं.

तिसरी, अक्ष तिरका. सिलिंडरचा मधला अक्ष आणि लंबवर्तुळाचा छोटा अक्ष एकाच रेषेत असतात. उभ्या पेल्यात हे आपोआप जमतं. आडवी पडलेली बाटली किंवा सायकलचं चाक काढताना चुकतं. चाकाचा छोटा अक्ष त्याच्या आसाच्या दिशेने जातो, मग चाक कसंही वळलेलं असो.

चौथी चूक बारीक आहे. वर्तुळाचा केंद्रबिंदू लंबवर्तुळाच्या बरोबर मध्यात नसतो, किंचित मागच्या बाजूला असतो. झाकणाच्या मधोमध मूठ बसवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर मूठ पुढे सरकल्यासारखी दिसते.

आता तीन खणांचा डबा काढा. खऱ्या डब्याचा व्यास १४० मिमी, प्रत्येक खण ६० मिमी उंच, आणि आपण साधारण एक मीटर लांबून, थोडं वरून बघतोय असं धरा. कागदावर उभा अक्ष ओढून त्यावर ४३ मिमी अंतराने चार खुणा करा. प्रत्येक खुणेवर १०० मिमी लांबीचा मोठा अक्ष घ्या. लंबवर्तुळाची उंची सगळ्यात वर २० मिमी, मग २६, ३२ आणि तळाला ३८. खाली येताना रुंदीही किंचित कमी होते, पण या सरावात ती सारखी धरली तरी चालेल. आधी सगळी लंबवर्तुळं पूर्ण काढा, मागचा न दिसणारा भागसुद्धा. मग बाजूच्या उभ्या रेषा जोडा आणि शेवटी दिसणारा भाग जाड करा. मागची बाजू वगळून काढलेल्या डब्याची पुढची बाजू कधीच नीट बसत नाही.

५. बघणं: तांब्या घेऊन बसा

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ही संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमधून त्यांनी अहवालात लोटा निवडला आणि असा लोटा डिझाइन करायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची लांबलचक यादी दिली. पाणी किती मावावं, ते डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, ओतताना काय होईल, तोंड किती मोठं म्हणजे आतून घासता येईल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल. डिझाइनच्या विद्यार्थ्याने वस्तुचित्र काढायचं ते हे प्रश्न डोक्यात ठेवून.

घरातला तांब्या घ्या आणि एकाच ए३ कागदावर सहा चित्रं काढा. समोरून सरळ बाह्यरेषा. थोडं वरून. आडवा पडलेला. हातात धरलेला, चारही बोटं आणि अंगठा नेमके कुठे येतात त्यासह. पाणी ओततानाचा, आतल्या पाण्याची पातळी तुटक रेषेने दाखवून. तांब्या कितीही कलला तरी ही पातळी आडवीच राहते. आणि मधून उभा कापलेला. शेजारी हाताने टिपा लिहा: गळ्याचा व्यास, पोटाचा सर्वांत मोठा व्यास, तो तळापासून किती उंचीवर आहे, काठ किती बाहेर वळलाय.

सहावं चित्र काढताना बहुतेकजण अडतात, कारण पत्र्याची जाडी आणि काठाची वळवलेली कड त्यांनी कधी निरखलेलीच नसते. अडलात की उठा, बोट फिरवून बघा, कॅलिपर लावा. या कागदाचा सगळा फायदा या उठण्यात आहे. फोटोवरून काढलेल्या रेखाटनात तो मिळत नाही: फोटो सपाट असतो, मागची बाजू दाखवत नाही आणि जवळून काढला असेल तर प्रमाणही फसवतो.

पुढच्या दिवसांसाठी वस्तू: किसणी, विळी, खलबत्ता, कुकरचं झाकण, अडकित्ता, कुलूप, छत्रीचा दांडा, स्टेपलर. हलणारा भाग असेल तर तो उघडा आणि बंद, दोन्ही स्थितींत काढा.

६. आतलं काढणं: छेद आणि सुटे भाग

वरून छान दिसणारं रेखाटन आणि बनवता येणारं डिझाइन यांतलं अंतर इथे भरून निघतं. आपला डबा पुन्हा घ्या.

छेदचित्रात, म्हणजे वस्तू मधून कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रात, कापलेला भाग ४५ अंशांच्या तिरप्या रेघांनी भरायचा असतो. पण समजा पत्रा ०.५ मिमी जाडीचा आहे. अर्ध्या प्रमाणात तो पाव मिलिमीटर होतो, म्हणजे पेनच्या रेषेहूनही बारीक. म्हणून संपूर्ण छेदात पत्रा एकाच जाड रेषेने दाखवा, आणि जिथे दोन खण एकमेकांत बसतात तेवढी जागा वर्तुळात घेऊन शेजारी १०:१ प्रमाणात काढा. तिथे पत्रा ५ मिमी जाड दिसेल आणि वरच्या खणाचा तळ खालच्या खणाच्या काठात किती उतरतो, किती फट राहते, कड आत वळवली की बाहेर, हे सगळं ठरवावं लागेल. आमटी सांडणार की नाही याचा निर्णय या एवढ्याशा चित्रात होतो.

सुट्या भागांचं चित्र काढताना सगळे भाग एकाच अक्षावर वर-खाली सरकवा: मूठ, झाकण, तीन खण, बाजूच्या पट्ट्या. अक्ष तुटक रेषेने दाखवा. भाग मन मानेल तिथे विखुरले की कोण कशात बसतं हे कळत नाही. खटक्याची दोन चित्रं वेगळी हवीत. बरेच खटके फिरायच्या बिंदूच्या रेषेपलीकडे गेल्यावरच पक्के बसतात, कारण त्यानंतर ताण त्यांना उघडण्याऐवजी मिटवत राहतो. उघडा, मधला आणि बंद अशा तीन स्थिती एकावर एक काढल्या तर ही रेषा ओलांडली जाते की नाही ते लगेच दिसतं.

७. खऱ्या मापात काढा

कागदावर ६० मिमीची दिमाखदार मूठ काढली, मॉडेल केलं आणि हातात धरल्यावर ती मुठीत मावेनाशी झाली, हे पहिल्या वर्षात प्रत्येक वर्गात घडतं. हातात धरायच्या भागाचं एक चित्र १:१ प्रमाणात काढायचंच. डब्याच्या कडीत चार बोटं शिरायला आतून साधारण १०० मिमी रुंदी आणि ३५ मिमी उंची लागते. स्वतःच्या आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातावर मोजून खात्री करा. १:१ रेखाटन पुठ्ठ्यावर चिकटवून कटरने कापा आणि हातात धरून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

तीन व्ह्यूंसाठी (समोरून, वरून आणि बाजूने) कागदाचा हिशेब आधी करा. डबा १८० मिमी, झाकण आणि कडी धरून २४० मिमी उंच झाला, त्याखाली १४० मिमीचा टॉप व्ह्यू. उभ्या ए३ ची उंची ४२० मिमी, पण दोन व्ह्यूच ३८० मिमी खातात, मापं लिहायला जागाच राहत नाही. म्हणून पूर्ण डबा १:२ आणि फक्त कडी व खटका १:१.

भारतात फर्स्ट अँगल पद्धत चालते: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारी बाजू उजव्या हाताला. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं आणि काही सॉफ्टवेअर तेच गृहीत धरतात, त्यामुळे हाताचं चित्र आणि प्रिंट जुळत नाहीत. कुठली पद्धत वापरली ते चित्राखाली लिहा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आणि एक माप एकदाच.

८. एक कल्पना नको, वीस हव्यात

नवखे विद्यार्थी पहिलीच कल्पना पूर्ण कागदावर, छटांसह काढतात आणि मग तिच्यात अडकतात. त्याऐवजी ए३ वर ७० बाय ५० मिमीचे वीस चौकोन आखा. प्रत्येकात दोन-तीन मिनिटांत एक कल्पना, फक्त बॉलपेनने. पहिली सहा-सात सगळ्यांची सारखीच येतात, कारण ती बाजारात पाहिलेली असतात. दहाव्याच्या आसपास डोकं रिकामं होतं. तिथे थांबू नका. एक अट बदला: एकाच हाताने उघडायचा डबा, उभा न ठेवता आडवा न्यायचा डबा, एकाच माणसाचा नाश्ता. पुढचे चौकोन त्यातून भरतात.

मग तीन निवडा, त्यांवर बटर पेपर ठेवून मोठ्या आकारात पुन्हा काढा. खालची रेषा दिसत असल्यामुळे प्रमाण टिकतं आणि बदल तेवढे वेगळे काढता येतात. नाकारलेले चौकोन फेकू नका, पुढे पोर्टफोलिओत तेच लागतात.

९. रेषेची जाडी, छटा, माणसं

जाडीचा नियम सोपा आहे. ज्या कडेच्या मागे मोकळी हवा आहे ती ०.८ ने. जिच्या दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग दिसतात ती ०.४ किंवा ०.५ ने. पृष्ठभागाचा फुगवटा दाखवणारी मदतरेषा ०.१ ने. एवढ्याने चित्र उठून दिसतं, छटा द्यायची गरजही बऱ्याचदा पडत नाही. द्यायचीच तर प्रकाश डावीकडून वरून एकदाच ठरवा आणि तीन करड्यांवर भागवा.

माणूस प्रमाणासाठी लागतो, सुंदर दिसण्यासाठी नव्हे. उभ्या प्रौढ माणसाची उंची डोक्याच्या साडेसात पट धरा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलेल्या दृश्यात, सपाट जमिनीवर उभ्या साधारण सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, जवळची असोत की लांबची. एसटी स्टँडवर अर्धा तास बसून अशी माणसं काढा. ती हलतात, म्हणून तीस सेकंदांत डोकं, खांद्यांची आणि कमरेची तिरकी रेष आणि पाय एवढंच पकडायचं.

१०. दृश्यसंवाद घेतलेल्यांसाठी

इथे खोक्यांऐवजी अक्षर. देवनागरीचा जाड-बारीकपणा कटनिबच्या (तिरप्या, चपट्या टोकाच्या) किंवा बोरूच्या कोनातून येतो, आणि हे हाताला कळल्याशिवाय फॉन्ट निवडताना डोळ्याला कळत नाही. मंगल हा फॉन्ट ज्यांनी घडवला ते प्रा. र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. ५ मिमीचं टोक घ्या, अक्षराची उंची टोकाच्या पाच-सहा पट ठेवा, टोकाचा कोन पूर्ण ओळीत बदलू देऊ नका आणि शिरोरेषा शेवटी मारा. आधी व, ब, क. मग न, त, ग, म. पोस्टरची मांडणीही संगणकाआधी लहान चौकोनांत काढा, मजकुराच्या ओळी नुसत्या पट्ट्यांनी दाखवून.

११. संगणकावर कधी जायचं

पुढच्या चार गोष्टी कागदावर झाल्या की जा: तीन व्ह्यू मापांसह, एक छेद, हलत्या भागांच्या स्थिती आणि १:१ पुठ्ठ्याची चाचणी. गेल्यावरही परत यायचं असतं. कॅडमधलं (संगणकावर बनवलेलं) मॉडेल फिक्या करड्या रेषांत प्रिंट करा आणि त्यावर पेनने बदल काढा. मूठ थोडी वर, कड थोडी जाड, असे पाच पर्याय एका बैठकीत होतात, मॉडेलमध्ये त्याला संध्याकाळ जाते.

टॅबलेटवर काढायला हरकत नाही, पण झूम आणि अनडू या दोन्हींनी हाताची सवय बिघडते. झूम केल्यावर प्रमाण हरवतं. सराव तरी ठरलेल्या आकाराच्या पानावर, झूम न करता करा.

१२. प्रवेश परीक्षा आणि पोर्टफोलिओ

आयआयटींसह डिझाइन पदवीची युसीड, एनआयडीची डॅट, फॅशनची निफ्ट आणि आर्किटेक्चरची नाटा या परीक्षांत हाताने काढायचा भाग असतो. प्रश्नांचा नमुना आणि गुणांची विभागणी बदलत राहते, त्यामुळे त्या त्या वर्षीचं अधिकृत माहितीपत्रक वाचूनच तयारी करा. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली ठराविक दृश्यं, उदाहरणार्थ बाजार किंवा रेल्वे स्टेशन, कुठल्याही प्रश्नाला चिकटवू नका. प्रश्नात कुठून बघायचं ते सांगितलेलं असतं, आणि क्षितिजरेषा त्यानुसार बदलली नाही की चित्र तिथेच चुकतं.

पोर्टफोलिओसाठी प्रत्येक कागदावर तारीख, विषय आणि प्रमाण कोपऱ्यात लिहा. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय. मोबाइलने काढायचं तर दिवसा खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असं, आणि फ्लॅश बंद ठेवून. मोबाइल कागदाला समांतर धरा, थोडं लांब उभं राहून दुप्पट झूम घ्या. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा फुगतात आणि सरळ रेषा वाकड्या दिसतात. पेन्सिलीचे कागद एकमेकांवर घासून काळे पडतात, म्हणून मध्ये बटर पेपर घाला. अल्कोहोल मार्करचे रंग उन्हात फिके पडतात, तेव्हा ते कागद भिंतीवर लावण्याआधी स्कॅन करून घ्या.